ऐकण्याच्या अटी

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीलगतच्या गियासपूर वस्तीत ख्वाजा निजामुद्दीन औलियांची खानका, म्हणजे सुफी मठ, होता. तिथं होणारं बोलणं कवी अमीर हसन सिजझी घरी जाऊन लिहून काढत. १३०८ ते १३२२ या काळातल्या या नोंदींचं पुस्तक झालं, ‘फवाइद-उल-फुआद’. त्यात ‘समा’चा विषय पुन्हा पुन्हा येतो. समा म्हणजे ईश्वराच्या ओढीनं गाणं ऐकायला बसणं. निजामुद्दीन त्याला चार बाजूंनी तपासतात. गाणारा प्रौढ पुरुष असावा, पोरसवदा मुलगा किंवा बाई नको. ऐकणाऱ्याचं चित्त ईश्वरापाशी असावं. जे गायचं त्यात अचकटविचकट काही नसावं. आणि चंग, रबाब अशी वाद्यं मैफलीत नसावीत.

या चार अटी घेऊन आजच्या कुठल्याही उरुसातल्या कव्वालीला जाऊन बसावं. हार्मोनियम आहे, ढोलक आहे, तबला आहे, बऱ्याच ठिकाणी ऑर्गनही आहे. ऐकणाऱ्यांतले निम्मे मोबाइलवर चित्रण करत असतात. बाई गाणारी असेल तर गर्दी दुप्पट. खुद्द निजामुद्दीनांच्या दर्ग्याच्या अंगणातही वाद्यांवाचून कव्वाली होत नाही. हे पाहून दोन तऱ्हेची माणसं दोन तऱ्हेचे निष्कर्ष काढतात. एक म्हणतो, बघा, मूळची शुद्ध गोष्ट कशी बिघडली. दुसरा, आणि हा आपल्याकडे जास्त भेटतो, म्हणतो की सुफी मंडळी इस्लामच्या कुंपणावरचीच; इथल्या भजन-कीर्तनाच्या संगतीनं गायला शिकली, म्हणून मौलवींना खुपतात. मला दोन्ही गोष्टी पटत नाहीत. पहिल्याला उत्तर द्यायला थोडा वेळ लागेल. दुसऱ्याला लगेच देता येतं, कारण हा वाद दिल्लीत यायच्या आधी किमान चारशे वर्षं जुना होता आणि तो बगदादमध्ये, अरबीतून, कुराण आणि हदीस यांचेच दाखले देत चालला होता.

त्याचा सगळ्यात जुना धागा इमाम शाफिईंपाशी सापडतो. इस्लामी कायद्याच्या चार प्रमुख सुन्नी परंपरांपैकी एक त्यांच्या नावानं चालते. आपल्या कोकणातले मुसलमान याच परंपरेचे. शाफिई ८२० मध्ये इजिप्तमध्ये वारले. ते बगदादला असताना तिथं काही विरक्त मंडळी कातड्यावर किंवा उशीवर छडीनं ठेका धरून वैराग्याची कवनं म्हणत. त्याला ‘तगबीर’ म्हणत. शाफिईंचा त्यावर राग होता. लोकांना कुराणापासून दूर न्यायला पाखंड्यांनी काढलेली ही युक्ती, असं त्यांचं मत नोंदलेलं आहे. म्हणजे नववं शतक उजाडतं तेव्हा गाणंही होतं, ठेकाही होता आणि त्यावरची तक्रारही होती. निम्मं कथानक इथंच तयार आहे.

याच शतकाच्या मध्याला इजिप्तचे झुन्नून मिसरी बगदादला आले. तिथले सुफी एका कव्वालाला घेऊन त्यांच्याकडे गेले आणि त्यानं काही म्हणावं का, अशी परवानगी मागितली. कव्वालानं प्रेमाची चार कडवी म्हटली. झुन्नून उठले आणि तोंडावर पडले. कपाळातून रक्त आलं. मग दुसरा एक जण उठला. झुन्नूननी त्याला कुराणातल्या एका वचनाची आठवण दिली: तू उठतोस तेव्हा तुला पाहणारा आहे. तो माणूस मुकाट्यानं खाली बसला. कथेचा जीव मला या दुसऱ्या माणसात दिसतो. उठणं खरं की देखाव्याचं, याची पारख मैफलीतच व्हायची, आणि ती करणारा स्वतः नुकताच रक्तबंबाळ झालेला होता.

बगदादचे जुनैद (मृत्यू ९१०) यांच्यावर बहुतेक सिलसिल्यांचा, म्हणजे सुफी गुरुपरंपरांचा, हक्क. त्यांनी समाला तीन गोष्टी लागतात असं सांगितलं: योग्य वेळ, योग्य जागा, योग्य सोबती. उतारवयात ते मैफलीत बसत, पण हलत नसत. कुणी कारण विचारलं तेव्हा त्यांनी कुराणातल्या डोंगरांच्या वचनाकडे बोट दाखवलं. डोंगर जागच्या जागी उभे वाटतात, प्रत्यक्षात ढगांसारखे चाललेले असतात. पुढच्या हजार वर्षांत समावर जेवढं लिहिलं गेलं, त्यात जुनैदांच्या या तीन अटी आणि हा डोंगर हमखास भेटतात.

कुराणात संगीताचं नाव घेऊन बंदी नाही. विरोधक सूरा लुकमानमधल्या ‘करमणुकीच्या बोलण्या’कडे बोट दाखवत, इब्न मसऊद या पैगंबरांच्या सहकाऱ्यानं त्याचा अर्थ गाणं असा लावला होता. बाजूनं बोलणारे ईदची हदीस सांगत. पैगंबरांच्या घरी आयेशांजवळ दोन मुली गात होत्या, अबू बक्र रागावले, तर पैगंबरांनी ईद आहे, राहू द्या, असं सांगितलं. दोन्ही बाजूंना आधार होता. त्यामुळे निवाडा ‘गाणं चालतं का’ या प्रश्नावर होऊच शकत नव्हता. तो ‘कुणाचं, कुणी, कशासाठी, कशाबरोबर’ या बारकाव्यांत गेला. अटींचा जन्म इथला.

त्या सर्वांत चोख रीतीनं मांडल्या अबू हामिद गझालींनी. १०९५ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशातली मानाची गादी सोडून हा माणूस निघून गेला आणि नंतर ‘इह्या उलूम अल-दीन’ हा चाळीस भागांचा ग्रंथ लिहिला. नमाज, उपवास, जेवणाचे रिवाज, विवाह, व्यापार यांच्या रांगेत एक अख्खा भाग समा आणि भावावस्थेच्या रीतीभातींना दिलेला आहे. ही जागाच बोलकी आहे. शरीअतचा एवढा मोठा पंडित गाणं ऐकण्याचा विचार परिशिष्टात ढकलत नाही, संसाराच्या इतर व्यवहारांच्या शेजारी ठेवतो. त्यांची पद्धत वकिलाची आहे. गोड आवाज ऐकणं पाप असेल तर बुलबुल ऐकणंही पाप ठरेल. त्या आवाजाला ताल आला म्हणून पाप होत नाही. त्यात अर्थ आला म्हणूनही नाही, अर्थ वाईट नसेल तर. मग काही तंतुवाद्यं आणि बासऱ्या निषिद्ध का? कारण त्या दारूच्या बैठकीच्या खुणा झाल्या आहेत. तार स्वतःहून दोषी नाही, तिची संगत दोषी. डफ मात्र चालतो. आणि ज्याच्या अंगात तारुण्याचा कैफ आहे त्यानं या वाटेला जाऊ नये, कारण गाणं मनात असलेलंच वर काढतं, नसलेलं आणून ठेवत नाही.

गझालींनी पुढं एक नाजूक प्रश्न अंगावर घेतला आहे. ईश्वराचं वचन हाताशी असताना सुफी कुराण म्हणणाऱ्याऐवजी गवय्याला का बोलावतात? त्यांनी सात कारणं दिली आहेत. कुराणातलं प्रत्येक वचन ऐकणाऱ्याच्या त्या क्षणीच्या अवस्थेला लागू पडतंच असं नाही. वारसाहक्काचे किंवा तलाकचे नियम ऐकून विरहानं व्याकूळ झालेल्याचं काय होणार? कुराण पाठ असतं, ऐकून ऐकून कानाला परिचित असतं. नवी ओळ अचानक भिडते. कवितेला वृत्त असतं. चालीसाठी शब्द ताणता-आखडता येतात. कुराणात तसं करणं हराम. ठेका धरता येतो. कुराणासोबत ढोल वाजवणार कोण? आणि हे कारण मला विशेष आवडतं: गवय्याची ओळ आपल्या मनाशी जुळली नाही तर ‘ही नको, दुसरी म्हण’ असं सांगता येतं. कुराण म्हणणाऱ्याला तसं सांगायची कुणाची छाती आहे? म्हणजे गाण्याची बाजू मांडताना त्यांनी कुराणाचा मान वाढवला आणि गाण्याला त्याच्या पायरीवर ठेवलं. विरोधकाला हात ठेवायला जागा उरू नये, अशी ही रचना.

याच्या थोडं आधी लाहोरात अली हुजवेरी हे गझनीचे सुफी फारसीत ‘कश्फ-उल-महजूब’ लिहीत होते. गझालींपेक्षा एक पिढी आधीचे. त्यांच्या ग्रंथाचा शेवट समाच्या प्रकरणांवर होतो आणि त्यांचा सूर बराच कडक आहे. समाची सवय लावून घेऊ नये. आपोआप ओढ लागेपर्यंत बसू नये. गुरू हजर असावा, जागेत उपरे आणि बघे नसावेत, गाणारा अब्रूदार असावा. नाचाला शरीअतमध्येही आधार नाही आणि सुफी मार्गातही नाही, असं ते सरळ लिहून टाकतात. मात्र वेदना असह्य झालेला माणूस थरथरतो त्याला नाच म्हणू नये, एवढी पुस्ती जोडतात. भावावस्थेत कुणी अंगरखा फाडून भिरकावला तर त्या चिंध्या कुणाच्या, गवय्याच्या की सगळ्या मंडळींच्या, याचेही नियम तिथं आहेत. कडक लिहिणाऱ्याच्या मैफलीतही कपडे फाटत होते, हे त्यावरून कळतं.

बाहेरून टीका करणाऱ्यांत बगदादचे हनबली पंडित इब्न अल-जौझी (मृत्यू १२०१) सगळ्यात तिखट. ‘तल्बीस इब्लीस’ म्हणजे सैतानाची फसवेगिरी, या ग्रंथात त्यांनी सुफींच्या गाण्याची, नाचाची, खाण्याची आणि देखण्या पोरांकडे पाहण्याची यथेच्छ धुलाई केली. पण स्पेनहून आलेला प्रवासी इब्न जुबैर ११८४ मध्ये बगदादला पोहोचला आणि त्यानं याच इब्न अल-जौझींची प्रवचनं ऐकली. लोक हंबरडा फोडत होते, बेशुद्ध पडत होते, त्यांच्यावर झेपावत होते, असं तो लिहितो. वाद्य नव्हतं, कव्वाल नव्हता, पण वज्द, म्हणजे भावावस्था, म्हणतात ती गोष्ट तिथंही होतीच. तेव्हा भांडण भावनेशी नव्हतं, ती जागवायला वापरलेल्या साधनांशी होतं.

सुफींच्या आतही एकवाक्यता नव्हती. ईश्वराची आठवण, जिक्र, ही सर्वांची. कुराणच तिची आज्ञा करतं. पण ती मोठ्यानं करायची की मनात? कादिरी आणि रिफाई मोठ्यानं, श्वासाच्या आणि अंगाच्या हेलकाव्यासह करतात. बुखाऱ्याच्या बहाउद्दीन नक्शबंदांच्या (१३१८–१३८९) परंपरेनं ती मनातल्या मनात ठेवली आणि समाला बहुतेक काळ दूर ठेवलं. औरंगाबादची पाणचक्की पाहायला जाणाऱ्यांना ती नक्शबंदी तकियाचा भाग आहे याची क्वचितच कल्पना असते. त्या तकियाचे बाबा शाह मुसाफिर मध्य आशियातून आलेले. त्यांचं मौन जिक्र आणि तिथून घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या खुलताबादची कव्वाली, दोन्ही सुफीच. कोन्यात रूमींच्या (१२०७–१२७३) मागं त्यांच्या मुलानं, सुलतान वलदनं, समाला शिस्तबद्ध भोवऱ्याचं रूप देण्याची सुरुवात केली. ती वाट वेगळी आणि तिच्याबद्दल जगात पुरेसं लिहिलं गेलं आहे.

हिंदुस्थानात चिश्ती सिलसिल्यानं समाला आपली ओळखच करून टाकलं, आणि त्यासाठी किंमतही मोजली. १२३५ मध्ये दिल्लीत ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी एका मैफलीत बसले होते. अहमद-ए-जाम या खुरासानी सुफीची ओळ आली आणि ते त्या ओळीत अडकले. घरी नेल्यावरही कव्वाल तीच ओळ म्हणत राहिले. नमाजाची वेळ झाली की ते शुद्धीवर येऊन नमाज पढत आणि परत त्याच अवस्थेत जात. असे चार दिवस गेले आणि ते वारले. परंपरा सांगते, पहिल्या चरणाला प्राण जात होता आणि दुसऱ्याला परत येत होता. ही गोष्ट आजही जाणत्या कव्वालांना पाठ असते, कारण तीत त्यांच्या कामाचा नियम आहे: कुणाला हाल (भावावस्था) आला तर ज्या शब्दावर आला त्याचीच तकरार, म्हणजे पुनरुक्ती, करायची, माणूस आपसूक खाली उतरेपर्यंत ओळ सोडायची नाही. कव्वालीतल्या न संपणाऱ्या पुनरुक्तीला ज्यांना कंटाळा येतो, त्यांनी ती पुनरुक्ती एका माणसाच्या नाडीकडे बघून होत असते हे लक्षात घ्यावं. निदान मूळ हिशेब तरी तसा आहे.

गियासुद्दीन तुघलकाच्या कारकिर्दीत (१३२०–१३२५) उलेमांनी निजामुद्दीनांना दरबारात खेचलं. समा हराम असल्याचा निवाडा सुलतानानं द्यावा, अशी मागणी होती. कुरबुरीला पैशांचंही कारण होतं, असं इतिहासकार सांगतात. आधीच्या गादीबळकावू खुसरो खानानं वाटलेली रक्कम निजामुद्दीनांनी गरिबांत वाटून टाकली होती आणि नव्या सुलतानाला ती परत हवी होती. वादाच्या दिवशी मुलतानच्या सुहरावर्दी घराण्यातले मौलाना अलमुद्दीन साक्षीला आले. आपण बगदाद, शाम आणि रूम या मुलखांत फिरलो, तिथल्या शेखांना समा ऐकताना पाहिलं आणि कुणी अडवत नाही, असं त्यांनी सांगितलं. सुलतानानं बंदी घातली नाही. निजामुद्दीन मात्र परत आले ते चिडून. त्यांनी हदीस पुढं केली की काझी म्हणत, हदीस नको, आपल्या परंपरेच्या इमाम अबू हनीफांचं मत सांगा. पैगंबरांचं वचन ज्या शहरात ऐकून घेतलं जात नाही ते शहर टिकेल कसं, असा त्यांचा उद्वेग अमीर खुर्दनं ‘सियर-उल-औलिया’त नोंदवला आहे. इथं बाजू कशा उलटल्या ते पाहा. सर्वसाधारण समज असा की मौलवी ग्रंथ धरून बसतात आणि सुफी अंतःकरण. दिल्लीच्या दरबारात ग्रंथ सुफीच्या हातात होता.

काही वर्षांत, १३२७ च्या सुमाराला, महंमद तुघलकानं दिल्लीच्या वरच्या थरातली वस्ती दौलताबादला, म्हणजे देवगिरीला, हलवली. चिश्ती मंडळींनी याचा अर्थ लावला की त्या वादातल्या उलेमांना देवगिरीची वाट धरावी लागली ती शिक्षाच. पण शिक्षा असेल तर ती चिश्त्यांनाही झाली. निजामुद्दीनांचे लाडके मुरीद (शिष्य) बुऱ्हाणुद्दीन गरीब याच लोंढ्यात दक्षिणेत आले, अमीर हसन सिजझीही आले. बुऱ्हाणुद्दीन समावर इतके फिदा होते की त्यांची डोलण्याची, नाचण्याची एक वेगळी ढब पडली आणि त्यांच्या सोबत्यांना ‘बुऱ्हाणी’ म्हणू लागले, असं ‘सियर-उल-औलिया’च सांगतो. ते १३३७ मध्ये वारले. खुलताबादला त्यांचा दर्गा आहे. तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला नाव त्यांचंच.

त्यांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराझी (मृत्यू १३६९). परंपरेनुसार हे आधी शिकलेसवरलेले पंडित, समाला नाक मुरडणारे; शंका घेऊन बुऱ्हाणुद्दीनांकडे गेले आणि मुरीद होऊन बसले. त्यांच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आकाशाखाली, औरंगजेबाची साधी कबर आहे. १७०७ मध्ये भिंगारला मरण आलेल्या बादशहाला मुद्दाम इथं आणून पुरलं. कारकिर्दीच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस यानं दरबारातलं गाणं-बजावणं बंद केलं. गवय्यांनी संगीताचं प्रेत म्हणून तिरडी काढली आणि बादशहा म्हणाला, खोल पुरा, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला पाठ. तिरडीची गोष्ट रंगवलेली असावी. सरदारांच्या आणि शाहजाद्यांच्या हवेल्यांत गाणं चालूच राहिलं, संगीतावर ग्रंथही लिहिले गेले. पण स्वतः गाणं सोडलेल्या माणसानं चिश्ती सिलसिल्यातल्या पिराच्या पायथ्याशी जागा मागितली, यात त्याला विसंगती वाटली नसावी. गझालींच्या हिशेबात ती नाहीच: एकाला जे औषध, ते दुसऱ्यानं आपल्या प्रकृतीला मानवत नाही म्हणून टाळावं.

दख्खननं समाला दोन गोष्टी दिल्या. एक भाषा. बालपण दौलताबादेत घालवलेले आणि म्हातारपणी गुलबर्ग्याला स्थिरावलेले चिश्ती सुफी गेसूदराज (१३२१–१४२२) फारसीचे मोठे लेखक, पण गाण्यासाठी हिंदवी अधिक मऊ, अधिक मोकळी आणि काळजाला हात घालणारी, असं त्यांनी बोलून दाखवलेलं आहे. त्यांच्यानंतर दोनशे वर्षांनी विजापूरचा इब्राहीम आदिलशाह ‘किताब-ए-नौरस’मधल्या गीतांत सरस्वती, गणपती आणि गेसूदराज या तिघांना एकाच दमात आळवतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि तिच्याकडे अभ्यासकांचं लक्ष उशिरा गेलं: चक्कीनामे आणि चरखानामे. सतराव्या शतकातल्या विजापूरच्या चिश्ती परंपरेतून दख्खनीत रचलेली ही गाणी बायका दळताना, सूत कातताना म्हणत. जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाचं पहिलं अक्षर; फिरणाऱ्या तळीला धरून ठेवणारी आस म्हणजे पैगंबर; घरघरीबरोबर जिक्र. रिचर्ड ईटन या इतिहासकारानं विजापूरच्या सुफींवरच्या १९७८ च्या ग्रंथात दाखवून दिलं की दख्खनच्या खेड्यापाड्यांत इस्लामी कल्पना घराघरांत पोहोचल्या त्या मोठ्या प्रमाणावर अशा गाण्यांतून. जात्यावरची ओवी हा मराठी बायकांचा हजारभर वर्षांचा वहिवाटीचा प्रकार. त्याच पट्ट्यात, त्याच लयीत ही गाणी उगवली. निजामुद्दीनांची पहिली अट बाई गायला नको अशी होती. चिश्त्यांच्याच एका शाखेनं बाईसाठी गाणी रचली आणि पुरुषांची मैफल, गुरूची हजेरी, गवय्याची अब्रू हे सगळे प्रश्न एका फटक्यात बाजूला पडले. पहाटे जात्यावर एकटी बसलेली बाई हीच गाणारी, हीच ऐकणारी. या गोष्टीवर कुणी फतवा मागितल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

मैफलीत वाद्यं कशी शिरली त्याचा एकच दिवस दाखवता येत नाही. अमीर खुसरोंनी (१२५३–१३२५) सतार आणि तबला शोधला, हे ऐकायला गोड आणि समकालीन पुराव्यावाचूनचं आहे. ढोलक आणि सारंगी हळूहळू रुळली. पुढं सारंगीची जागा हार्मोनियमनं घेतली, कारण सारंगीला दर रागाला जुळवत बसावं लागतं आणि मैफलीत हाल आलेल्या माणसाला थांबवून ठेवता येत नाही. दर्ग्यातल्या मैफलीची बाकीची घडी मात्र बरीचशी हुजवेरींच्या वळणाची राहिली. मीर-ए-मैफल समोर बसतो. नजराणा थेट कव्वालासमोर न टाकता आधी त्याच्या हातात द्यायचा, तो पुढं सरकवतो. अजान झाली की गाणं थांबतं.

ही घडी मोडली मुंबईनं. १९४५ च्या ‘झीनत’ चित्रपटात नूरजहान, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी यांनी पडद्यासाठी कव्वाली गायली आणि ती देशभर वाजली. १९६० च्या ‘बरसात की रात’मध्ये तर कव्वालीचा मुकाबला हाच कथेचा कणा. इस्माईल आझाद, शकीला बानो भोपाली, अझीझ नाझा यांनी तिला रंगमंचावर, तिकीट लावून, सवाल-जवाबासह नेलं. गाण्याचा विषय ईश्वरावरून माशुकावर आणि तिथून सरळ शराबवर आला. हा बदल मोठा वाटतो खरा, पण शराब आणि माशूक हे शब्द पहिल्यापासून मैफलीतच होते. त्यांचा अर्थ वर न्यायचा की खाली, हे ऐकणाऱ्यावर सोपवलेलं होतं. निजामुद्दीनांच्या दुसऱ्या अटीचा अर्थ हाच. तिकीट काढून आलेल्या हजार माणसांच्या चित्ताची हमी कोण देणार? मुंबईच्या चाळींतून ही ढब आणखी एका वळणावर गेली. आंबेडकरी जलशांच्या पाठोपाठ भीमजयंतीच्या मंचावर कव्वाली आली. प्रल्हाद शिंदे विठ्ठलाची गाणी, भीमगीतं आणि कव्वाली सारख्याच ताकदीनं गात. तिथं समाचा काही संबंध उरला नव्हता. टाळीचा ठेका, समूहाचा पुकार आणि एका शब्दावर ठाण मांडून बसण्याची ती युक्ती, एवढं मात्र जसंच्या तसं होतं.

मदरशांत अटींवरचा वाद चालूच राहिला आणि तिथं बाजू अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीच्या निघतात. देवबंदचे संस्थापक दर्ग्यांचे शत्रू समजले जातात. प्रत्यक्षात ते हाजी इमदादुल्लाह मुहाजिर मक्की या चिश्ती-साबिरी पिराचे मुरीद होते. उरूस, समा अशा सात वादांवर इमदादुल्लाहांनी एक छोटी पुस्तिका लिहिली आणि तिचा सूर समेटाचा आहे: करणाऱ्यानं न करणाऱ्याला नावं ठेवू नयेत, न करणाऱ्यानं करणाऱ्याला. त्यांच्या अनेक शिष्यांना हे पचलं नाही. उलट बाजूला बरेलीचे अहमद रझा खान (१८५६–१९२१), दर्गा-परंपरेचे कट्टर पाठीराखे. त्यांनी वाद्यांसह होणारी कव्वाली नाजायज ठरवली. त्यांना मानणारी लाखो माणसं दर उरुसाला वाद्यांची कव्वाली ऐकतात.

वाद शब्दांत राहिला तोवर ठीक होतं. जुलै २०१० मध्ये लाहोरला, समाच्या अटी इतक्या काटेकोरपणे लिहिणाऱ्या हुजवेरींच्याच दर्ग्यात, आत्मघाती स्फोट झाले. जून २०१६ मध्ये कराचीत कव्वाल अमजद साबरींना भर रस्त्यात गोळ्या घातल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये सेहवानला लाल शहबाज कलंदरांच्या दर्ग्यात धमाल, म्हणजे भक्तांचा नाच, चालू असताना स्फोट झाला. मारणाऱ्यांना गझाली आणि इब्न अल-जौझी यांच्यातला फरक ठाऊक असण्याची गरज नव्हती. इब्न अल-जौझींनी निदान सुफींचे ग्रंथ वाचून त्यांच्यावर टीका केली होती.

गुलबर्ग्याला गेसूदराजांच्या दर्ग्यात ‘बंद समा’ म्हणून ओळखली जाणारी मैफल अजून होते. नावाप्रमाणे ती बंद दाराआड, जाणत्या मंडळींपुरती. त्याच दर्ग्याच्या उरुसात बाहेर खुल्या मंडपात कव्वाली होते आणि तिला हिंदू-मुसलमान दोघांची रीघ लागते. कोणतं खरं, असं विचारलं तर हुजवेरी आतल्या मैफलीकडे बोट दाखवतील, यात शंका नाही. पण दार लावून ठेवलेल्या समावर दख्खनमध्ये इतक्या लोकांनी जीव टाकला नसता, हे बुऱ्हाणुद्दीनांच्या नाचणाऱ्या सोबत्यांपासून जात्यावरच्या बायकांपर्यंत कुणीही सांगितलं असतं.